स्लीव्ह की बायपास: ठरवण्याआधी

ताई, वजन कमी करण्याच्या स्लीव्ह आणि बायपास या दोन शस्त्रक्रियांपैकी 'कशात वजन जास्त उतरतं' हा तुमचा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी सांगा, रात्री आडवं पडल्यावर छातीत जळजळतं का? घशाशी आंबट येतं का? येत असेल तर एंडोस्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून जठराची तपासणी) झाल्याशिवाय स्लीव्हला हो म्हणू नका. स्लीव्हमध्ये जठराचा जवळजवळ ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात, उरते ती केळ्याएवढी नळी. त्यात दाब वाढतो आणि जळजळीचा त्रास बळावू शकतो. माझा बळावला, दोन वर्षं रोज गोळी घेतेय. कापलेला भाग परत येत नाही, हे मला नीट उमगलंच नव्हतं.

तुम्हाला मधुमेहही आहे म्हणता. मग बायपासचं जरूर विचारा. त्यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. साखर आणि जळजळ दोन्हींवर तो सहसा जास्त उपयोगी पडतो. पण गोड खाल्लं की घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात. गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेत असाल तर आधीच सांगा, बायपासनंतर त्यांनी अल्सर होऊ शकतो. मिनी बायपास (यात आतड्याला एकच जोड असतो) सुचवला तर पित्तरस उलटा येण्याबद्दल विचारा.

बी-१२, लोह, कॅल्शियम दोन्हींत जन्मभर. तुम्ही शाकाहारी, म्हणून प्रथिनांसाठी पनीर, मूग, सोयाबीनची सवय आत्तापासूनच लावा. आणि दुसऱ्या सर्जनचं मत घ्याच, पहिल्याला वाईट वाटेल म्हणून थांबू नका.