पट्टी पाण्यात फडफडते आणि सिम्युलेशन फुटतं

प्रश्न : सर, मी सोलापूरला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट व्होर्टेक्स फ्लोमीटरचा (अडथळ्यामागं सुटणारे भोवरे मोजून प्रवाह सांगणारा मीटर) घेतलाय, 100 मिमीचा पाइप, त्यात 27 मिमी रुंद आडवा अडथळा आणि त्याच्या मागं 1 मिमी जाडीची स्टीलची सेन्सर पट्टी. पाणी 2 मीटर प्रति सेकंद. कॉम्प्युटरवर फ्लुइड (पाणी) आणि स्ट्रक्चर (पट्टी) जोडून सिम्युलेशन रन केलं की चार-पाच स्टेपमध्ये एरर येतो, टाइमस्टेप (दोन स्टेपमधला वेळ) कमी केला तर अजून लवकर येतो! गाइड म्हणतात मेश (हिशोबासाठी पाडलेल्या तुकड्यांची जाळी) बारीक कर. ती करून करून लॅपटॉप तापला नुसता. काय चुकतंय?
– विद्यार्थिनी, विजापूर रोड

उत्तर : अगं, मेशला शिव्या देऊ नकोस, तिचा दोष नाही बहुतेक. टाइमस्टेप कमी केल्यावर लवकर फुटतं हे तू लिहिलंस ना, तिथंच चोर सापडला.

आपली सोलापुरी चादर कोरडी झटकणं आणि टबात पाण्याखाली धरून हलवणं, किती फरक पडतो बघ. टबात चादरीबरोबर आजूबाजूचं पाणीपण ढकलावं लागतं. तुझ्या पट्टीचं तेच आहे. समजा ती 25 मिमी रुंद आहे, तर एक मीटर लांबीला स्टील होतं साधारण 196 ग्रॅम, आणि तिच्यासोबत हलणारं पाणी जवळजवळ 490 ग्रॅम, म्हणजे अडीच पट! याला ॲडेड मास म्हणतात. आता तुझा सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्रॅम) काय करतो, फ्लुइडचं प्रेशर मागच्या स्टेपचं घेतो, पट्टीला देतो आणि पुढं जातो. पट्टीच्या स्वतःच्या वजनापेक्षा पाण्याचा हिशोब मोठा, त्यामुळं पट्टी जास्तच उसळते, पुढच्या स्टेपला उलट बाजूला त्याहून जास्त, झालं, फुटलं. टाइमस्टेप लहान केला म्हणून हे प्रमाण बदलत नाही.

खात्री करायची असेल तर पट्टीची घनता 7850 ऐवजी दहापट टाकून एकदा रन मार. चालला तर हेच कारण. (रिपोर्टात तो रन टाकू नकोस हां, फक्त तपासायला.) मग कपलिंग इम्प्लिसिट कर, म्हणजे एकाच टाइमस्टेपमध्ये फ्लुइड आणि स्ट्रक्चर परत परत सोडवायचं, पट्टीची जागा बदलायची थांबेपर्यंत, आणि मध्ये एटकिनचं रिलॅक्सेशन लाव, म्हणजे प्रत्येक फेरीतला बदल जसाच्या तसा न घेता आवरून घ्यायचा. ओपनफोम (पाण्यासाठी) आणि कॅल्क्युलिक्स (पट्टीसाठी) वापरत असशील तर दोघांना जोडायला प्रीसाइस आहे, फुकट आहे, त्यात क्वासी-न्यूटन, म्हणजे मागच्या फेऱ्यांवरून पुढचा अंदाज बांधणारी पद्धतपण मिळते, ती अजून बरी. आधी टूडी कर, थ्रीडीच्या नादाला नंतर लाग.

आणि तो जाड अडथळा कशाला हलवतेस? दोन्हीकडून घट्ट पकडलेला, त्याची नैसर्गिक वारंवारता हजारो हर्ट्झमध्ये, भोवरे मात्र सुटतात स्ट्रोहाल आकडा (वारंवारता × रुंदी ÷ वेग) 0.2 धरला तर 0.2 × 2 ÷ 0.027, म्हणजे 15 हर्ट्झच्या आसपास. तो रिजिड ठेव, निम्मं काम कमी. पट्टी न हलवता आधी एक रन घे आणि वारंवारता या आकड्याच्या आसपास येते का बघ. नाही आली तर कपलिंगच्या आधीच गडबड आहे. पाइपच्या भिंतीमुळं थोडी वर सरकेल, त्याला घाबरू नको.

प्रश्न : आमच्या स्टीम लाइनवरचा व्होर्टेक्स मीटर व्हॉल्व्ह बंद असतानापण फ्लो दाखवतो. मीटर खराब झाला का?
– एक वाचक, चिंचोळी एमआयडीसी

उत्तर : आधी व्हॉल्व्ह खरंच बंद होतो का ते बघा, गळका असेल तर मीटर बिचारा खरंच सांगतोय. तो ठीक असेल तर मीटरला काही झालेलं नाही बहुतेक, पाइप हलतोय आणि सेन्सरला तेच भोवरे वाटतायत. मीटरमधली वारंवारता वाचून घ्या. बरोबर 50 हर्ट्झ दिसली तर ती विजेच्या लाइनची, अर्थिंग तपासा. 24 च्या आसपास दिसली आणि शेजारी 1450 आरपीएमचा पंप असला, तर त्याची थरथर आहे, मीटरच्या दोन्ही बाजूंना पाइपला सपोर्ट द्या किंवा मीटर 90 अंशात फिरवून बसवा. लो-फ्लो कटऑफ (ज्याच्या खाली मीटर शून्य दाखवतो ती मर्यादा) वाढवून गप्प बसवता येतं, पण मग कमी स्टीम लागते तेव्हाचा हिशोबही गायब होतो.