अमेरिकेत दवाखान्यात ‘मतदार नोंदणी करायची का?’ असं विचारतात. ग्रीन कार्डवाल्या आईबाबांनी काय सांगावं? आणि हा एखाद्या पक्षाचा प्रचार असतो का?

‘आम्ही सिटिझन नाही’ एवढंच सांगायचं आणि फॉर्म परत द्यायचा. सही करायची नाही, टॅबवर टिकही करायची नाही. नाही म्हटल्याने उपचार अडत नाहीत.

मी न्यू जर्सीतल्या एका क्लिनिकच्या फ्रंट डेस्कवर असते आणि हा प्रश्न पेशंटना मीच विचारते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आपल्याकडे बीएलओ (मतदार यादीचं काम करणारा सरकारी कर्मचारी) दारात येऊन यादीतलं नाव तपासतो. इथे असं कुणी येत नाही. नाव ज्याचं त्याने नोंदवायचं, घर बदललं की नवा पत्ताही आपणच कळवायचा. न्यू जर्सीत मतदानाच्या 21 दिवस आधी मुदत संपते आणि अनेकांना ते आयत्या वेळी कळतं. 1993 च्या कायद्याने ड्रायव्हिंग लायसन्सच्या आणि मेडिकेडसारख्या (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) योजनांच्या सरकारी कचेऱ्यांना नोंदणीबद्दल विचारणं बंधनकारक केलं. खासगी दवाखान्यांवर अशी सक्ती नाही, ते आपणहून करतात. याला जोर आणला तो बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये तेव्हा इमर्जन्सीचे डॉक्टर असलेले ॲलिस्टर मार्टिन यांच्या ‘व्होट-ईआर’ या संस्थेने. डॉक्टर-नर्सच्या गळ्यातल्या बॅजवर मतदार नोंदणीचा क्यूआर कोड दिसतो ना, ती त्यांचीच कल्पना. 2022 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही मतदानाचा आरोग्याशी संबंध असल्याचं मान्य केलं.

प्रचाराचं म्हणाल, तर करमाफी मिळणाऱ्या धर्मादाय हॉस्पिटलांना कुठल्याही उमेदवाराची बाजू घेता येत नाही. नोंदणीला मदत चालते, ‘अमक्याला मत द्या’ चालत नाही. तरी यातून डेमोक्रॅट्सचा फायदा होतो असा आरोप होतोच. मला स्वतःला खटकतं ते वेगळंच. वेटिंग रूममध्ये पोस्टर लावा, हरकत नाही. पण तपासणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला डॉक्टरनेच विचारलं तर तो नाही कसं म्हणणार? त्यात आपली आईबाबा मंडळी डॉक्टरांच्या प्रत्येक वाक्याला ‘यस, यस’ करणारी!

आणि खरा धोका त्या ‘यस’मध्येच आहे. फॉर्मवर ‘मी अमेरिकेचा नागरिक आहे’ अशी शपथपूर्वक सही असते. 1996 च्या कायद्यापासून नागरिकत्वाचा खोटा दावा इमिग्रेशनमध्ये फार गंभीर धरला जातो. ग्रीन कार्ड धोक्यात येऊ शकतं, ‘चुकून झालं’ म्हणून सहज सुटका होत नाही. पुढे सिटिझनशिपच्या एन-400 अर्जातही ‘कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंत का?’ असा थेट प्रश्न असतो.

सही आधीच झाली असेल तर मत मुळीच देऊ नका. नोंदणी रद्द करायला किंवा एन-400 भरायला जाण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. फेसबुक ग्रुपवर विचारू नका.

लायसन्स काढायला मोटर व्हेइकलच्या ऑफिसात गेलात तर तिथेही हाच प्रश्न येईल, तेव्हा आईबाबांना ‘वी आर नॉट सिटिझन्स’ हे वाक्य आत्ताच पाठ करून द्या. तुम्ही स्वतः सिटिझन असाल आणि नुकतंच घर बदललं असेल, तर तो क्यूआर कोड तुमच्यासाठीच आहे.