ठाणे वसईच्या लढाईत सुटलं का? नाही, त्याच्या दोन वर्षं आधी

ठाणे पोर्तुगीजांच्या हातून गेलं मार्च 1737 मध्ये. वसई पडली मे 1739 मध्ये. मोहीम एकच, चिमाजी अप्पांची, म्हणून दोन्हींची गल्लत होते.

1534 पासून साष्टी (ठाणे ज्यावर आहे ते बेट) पोर्तुगीजांकडे होती. ठाण्याचा किल्ला (आजचं मध्यवर्ती कारागृह) त्यांनी 1730 मध्ये बांधायला घेतला, पण हल्ल्याच्या वेळी तो अर्धवटच होता आणि शिबंदी अपुरी. मराठे रात्री खाडी उतरून आले. त्यामागे स्थानिकांची साथ फार मोलाची: देवळांची मोडतोड आणि सक्तीची धर्मांतरं यांनी पिचलेल्या लोकांच्या वतीने अंजूरचे गंगाजी नाईक पेशव्यांच्या पाठीस लागले होते. माझ्या मते हे श्रेय त्यांना पुरेसं दिलं जात नाही. 1738 मध्ये ठाणे परत घ्यायला आलेला पोर्तुगीज सेनानी पेद्रो द मेलो इथेच मारला गेला.

वसईचा तट मात्र पूर्ण आणि भक्कम, त्यामुळे बुरुजाखाली सुरुंग पेरावे लागले. काही उशिरा उडाले आणि आत घुसणारे मराठेच त्यात गाडले गेले. तरीही शेवटी किल्ला शरण आला. शिबंदीला बायकामुलं आणि शस्त्रांसह आठ दिवसांत निघून जायची मुभा मिळाली.

एक लक्षात घ्या: ‘सुटलं’ म्हणजे परकी सत्तेतून कायमचं नव्हे. डिसेंबर 1774 मध्ये इंग्रजांनी ठाणे जिंकलं, आणि 1782 च्या इंग्रज-मराठ्यांमधल्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली.