सैंधव मीठ, बी-१२ आणि पोटातल्या बाळाचा मेंदू

सुनेला चौथा महिना लागला आहे, घर पूर्ण शाकाहारी आहे, नेहमीचे मीठ बंद करून सैंधव सुरू केले आहे आणि बाळ हुशार व्हावे म्हणून गर्भसंस्काराचे कोणते संगीत ऐकवावे, असे आपण विचारले आहे. संगीत अवश्य ऐकू द्या, तिचे मन रमेल. मात्र बाळाला आवाज ऐकू येऊ लागतात ते साधारण सहाव्या महिन्यात, आणि मला काळजी वाटते ती आत्ताच्या मिठाची.

बाळाची थायरॉइड ग्रंथी १८ ते २० आठवड्यांपर्यंत पुरेशी कामाला लागलेली नसते. तोवर मेंदूतील पेशींची वाढ आणि त्यांचे आपापल्या जागी जाऊन बसणे मुख्यतः आईच्या थायरॉक्सिनवर, म्हणजे तिच्या थायरॉइड ग्रंथीतून येणाऱ्या संप्रेरकावर, चालते, आणि ते आयोडीनखेरीज बनत नाही. गरोदरपणी रोज सुमारे २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. सैंधवात ते वेगळे मिसळलेले नसेल, तर त्यातून मिळणारे नगण्यच. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरातील सुमारे हजार माता-बालकांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आईला गरोदरपणी आयोडीन थोडेसेच कमी पडले होते अशी मुले आठव्या वर्षी शाब्दिक बुद्ध्यांकात आणि नवव्या वर्षी वाचनात मागे आढळली. म्हणून आजच आयोडीनयुक्त मिठाचा पुडा आणा, घट्ट झाकणाच्या बरणीत शेगडीपासून दूर ठेवा आणि आमटी-भाजीत मीठ शेवटी घाला. मिठाचे प्रमाण मात्र वाढवू नका.

दुसरी गोष्ट बी-१२ ची, आणि ती आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा अभ्यास केला, तेव्हा जवळपास दोन तृतीयांश स्त्रियांमध्ये बी-१२ कमी निघाले. पुढे नऊ वर्षांच्या मुलांची चाचणी घेतली असता, ज्यांच्या आईचे बी-१२ फार कमी होते ती मुले एकाग्रता आणि अल्पकालीन स्मरणशक्ती यांत कमी पडली. मज्जातंतूंवरील मायलिनच्या आवरणाला हे जीवनसत्त्व लागते आणि शाकाहारात ते दूध, दही, ताक यांतूनच काय ते मिळते. फॉलिक ॲसिडची गोळी ही उणीव भरून काढत नाही.

अशा अभ्यासांत दिसणारा फरक हा सरासरीचा असतो, त्यावरून एखाद्या मुलाचे भविष्य ठरत नाही; तेव्हा सुनेला घाबरवू नका. डॉक्टरांना विचारून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), बी-१२ आणि हिमोग्लोबिन या तपासण्या याच आठवड्यात करून घ्या. थायरॉइडची गोळी सुरू झालीच, तर ती सकाळी उपाशीपोटी द्या आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या त्यानंतर किमान चार तासांनी.