रिवॉर्ड तिकीट म्हणजे फुकटचं तिकीट नव्हे

प्रश्न : मी पुण्यातला निवृत्त बँक कर्मचारी. क्रेडिट कार्डावर नऊ वर्षं साठवलेल्या माइल्सवर (तिकिटासाठी वापरता येणाऱ्या गुणांवर) आम्ही पती-पत्नी बिझनेस क्लासने मुलीकडे इंग्लंडला गेलो. येताना हीथ्रोच्या काउंटरवर सांगितलं, ‘तुमच्या दोन्ही सीट नादुरुस्त आहेत, इकॉनॉमीत बसा.’ एका कागदावर सही घेतली. पत्नीचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. मुंबईपर्यंतचे ते तास तिने कसे काढले, ते तिलाच ठाऊक. परतीसाठी माणशी ६०,००० माइल्स आणि कर-शुल्कापोटी ४८,००० रुपये गेले होते. आता कंपनी म्हणते, ‘रिवॉर्ड तिकीट मोफत असतं, त्यावर परतावा नाही.’ सदिच्छा म्हणून माणशी १०,००० माइल्स खात्यात टाकले आहेत. हा विषय इथेच सोडून द्यायचा का?

उत्तर : मुळीच सोडू नका. कंपनीचं उत्तर कायद्याच्या सरळ विरुद्ध आहे. तुमच्या पत्नींना जो त्रास झाला तो कुठल्याही परताव्याने भरून येणार नाही, पण तुमच्या हक्काचं जे आहे ते मिळायलाच हवं.

तुमचं विमान ब्रिटनमधून निघालं, म्हणून कंपनी कुठल्याही देशाची असली तरी तिथला प्रवासी हक्कांचा कायदा लागू होतो. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम ब्रिटनने बाहेर पडतानाही स्वतःच्या कायद्यात ठेवला. ‘मोफत तिकीट’ हा शब्द कंपनीने त्यातूनच उचलला आहे. कलम ३ मध्ये मोफत प्रवास करणाऱ्यांना वगळलं आहे खरं, पण लगेच पुढच्या वाक्यात म्हटलं आहे की विमान कंपनीच्या फ्रीक्वेंट फ्लायर (म्हणजे माइल्स देणाऱ्या) योजनेतून दिलेल्या तिकिटांना हा नियम लागू राहील. कंपनीने पहिलं वाक्य तुम्हाला सांगितलं आणि दुसरं गिळलं. कंपनीला पाठवायच्या पत्रात हे दुसरं वाक्य ठळक लिहा.

आता कलम १०. खालच्या वर्गात बसवलं, तर ज्या कंपनीचं विमान उडालं तिने सात दिवसांत तिकिटाच्या किमतीचा ठरावीक भाग परत द्यायचा. माइल्स दुसऱ्या कंपनीच्या योजनेतले असतील, तरी जबाबदारी विमान उडवणाऱ्या कंपनीचीच. ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला हा भाग ७५ टक्के आहे, आणि लंडन-मुंबई अंतर त्याच्या दुपटीहून जास्त. सीट नादुरुस्त होती, ही सबब इथे चालत नाही. विमान रद्द झालं तर कंपनीला ‘असाधारण परिस्थिती’ची ढाल मिळू शकते, कलम १० मध्ये तशी पळवाट ठेवलेलीच नाही.

पण किंमत म्हणजे नेमकं काय? तुमच्या प्रकरणात खरी रस्सीखेच इथे होईल. २०१६ मध्ये युरोपीय न्यायालयाने मेनेन्स विरुद्ध एमिरेट्स या खटल्यात दोन गोष्टी ठरवल्या. ज्या उड्डाणात वर्ग उतरवला, त्याच उड्डाणाची किंमत धरायची; त्यामुळे तुमच्या जाण्याचा खर्च यात येणार नाही. आणि कर-शुल्क वगळायचं, पण जे वर्गावर अवलंबून नाही तेवढंच. म्हणून ‘४८,००० रुपये कर आहेत, ते परत मिळत नाहीत’ असं कोणी म्हटलं, तर ई-तिकिटावरचा तपशील उघडा. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत १८,००० रुपये कंपनीचा स्वतःचा सरचार्ज आहे. तो कर नव्हेच, भाड्याचाच भाग. २५,००० रुपये ब्रिटनची एअर पॅसेंजर ड्यूटी, म्हणजे विमान प्रवाशांवरचा सरकारी कर, आहे, आणि ती सर्वांत खालच्या वर्गाला कमी, वरच्या वर्गांना जास्त असते. म्हणजे वर्गावर अवलंबून, म्हणजे हिशेबात. उरलेलं ५,००० रुपये विमानतळ शुल्क सोडून द्या, त्यावर भांडण्यात अर्थ नाही.

तर माणशी ४३,००० रुपयांचे ७५ टक्के, ३२,२५० रुपये, दोघांचे ६४,५००. आणि माणशी ४५,००० माइल्स, दोघांचे ९०,०००. रक्कम रोख किंवा बँकेतच मागा. तुमच्या लेखी संमतीशिवाय व्हाउचर गळ्यात मारता येत नाही. माइल्स मात्र माइल्समध्येच मागा. बिझनेस क्लासचं तिकीट बाजारात काही लाखांना मिळतं, त्याचे ७५ टक्के मागावेत, असा मोह होईल. मी तुम्हाला तो सल्ला देणार नाही. माइल्सचं मोल पैशांत कसं करायचं हे त्या कायद्यात लिहिलेलं नाही, आणि ठाम असलेला दावा त्या एका आकड्यामुळे डळमळीत होईल. बोर्डिंग नाकारल्यावर मिळणारी ५२० पौंडांची भरपाईही मागू नका. तुम्ही विमानात बसला होता.

सहीची आणि आलेल्या १०,००० माइल्सची काळजी करू नका. कलम १५ नुसार हे हक्क कराराने काढून घेता येत नाहीत, आणि हक्कांची नीट माहिती न देता कमी भरपाई स्वीकारायला लावली असेल, तर उरलेली मागता येते. आलेले माइल्स फार तर वजा होतील. फक्त ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असं लिहिलेल्या ईमेलला होकार देऊ नका.

पत्रासोबत मूळ ई-तिकीट, इकॉनॉमीचे बोर्डिंग पास आणि माइल्स वजा झाल्याचं स्टेटमेंट जोडा, चौदा दिवसांची मुदत द्या. इंग्लंडमध्ये दाव्याला सहा वर्षं मिळतात, पण त्या भरवशावर राहू नका. तुम्हाला पुण्यातच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ ने तक्रारदार राहतो तिथे तक्रार करण्याची सोय दिली आहे, ई-जागृती पोर्टलवर ती घरबसल्या दाखल होते. तिथे मुदत दोनच वर्षांची आहे. तिथे सेवेतील त्रुटी म्हणून दावा मांडायचा आणि ब्रिटनचा नियम पुरावा म्हणून जोडायचा. मानसिक त्रासाची भरपाईही तिथेच मागा, पत्नींच्या शस्त्रक्रियेचे कागद लावून. कंपनी ‘तुम्ही मोबदलाच दिला नाही’ असा आक्षेप घेईल; त्याला तुमचं उत्तर ते ४८,००० रुपये आहेत.

हेच जाताना मुंबईत घडलं असतं, तर आपल्या डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) १५ फेब्रुवारी २०२३ पासूनचा नियम पुढे करता आला असता. त्यातही ३,५०० किलोमीटरपुढे ७५ टक्केच, आणि तेही करांसह.

काउंटरवर सही केलेल्या कागदाची प्रत तुमच्याकडे नसेल, तर पहिल्याच पत्रात ती कंपनीकडून मागून घ्या.