अमेरिकेत मान्यताप्राप्त केंद्रामार्फत पैसे गुंतवून ग्रीन कार्ड मिळवण्याच्या ईबी-५ रीजनल सेंटर योजनेची मुदत २०२७ मध्ये वाढली नाही, तर आधी भरलेला अर्ज बुडतो का?

नाही, ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत अर्ज दाखल झाला असेल, तर अमेरिकी काँग्रेसने पुढे मुदत वाढवली नाही तरी तो तपासावाच लागतो. मार्च २०२२ च्या सुधारणा कायद्यातच तशी तरतूद आहे. ती उगाच आली नाही: ३० जून २०२१ ला मुदत संपली आणि पैसे गुंतवून बसलेल्यांच्या फायली कित्येक महिने जागच्या हलल्या नाहीत. मात्र तारखांची गल्लत करू नका. योजना ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत आहे, हे संरक्षण वर्षभर आधी संपतं (एजंट बहुधा पुढचीच तारीख सांगतो). शिवाय संरक्षण फक्त मुदत संपण्यापासून. आठ लाख डॉलरच्या गुंतवणुकीमागे दहा नोकऱ्या उभ्या राहिल्या नाहीत, तर सुरुवातीला सशर्त मिळालेल्या ग्रीन कार्डवरची अट उठत नाही.