हजार डॉलरच्या हप्त्यासाठी नोकरी

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. वय ३९. २००८ साली पुण्यातून बी. फार्म. केलं, मग नाशिकला इंजेक्शनं बनवणाऱ्या कारखान्यात चार वर्षं क्वालिटी ॲशुरन्समध्ये होत्या. पुढे लग्न, अमेरिका, दोन मुलं आणि बारा-तेरा वर्षांचा खंड. यंदा ग्रीन कार्ड हातात आलं. एडिसनजवळच्या एका संस्थेत फार्मसी टेक्निशियनचा, म्हणजे औषधाच्या दुकानात फार्मासिस्टच्या हाताखाली काम करणाऱ्याचा, दहा महिन्यांचा कोर्स आहे. फी ३,९०० डॉलर, १५ तारखेच्या आत भरली तर ४०० सूट, वर 'नोकरीची हमी'. पैसे क्रेडिट कार्डावर टाकायचा विचार आहे. घ्यावा का, एवढंच त्यांनी विचारलंय.

नका घेऊ. टेक्निशियन जरूर व्हा, पण त्यासाठी ३,९०० डॉलर मोजायची गरज नाही. अमेरिकेत हे सर्टिफिकेट मुख्यतः पीटीसीबी ही संस्था देते. परीक्षेची फी १२९ डॉलर. दोन तासांत ९० प्रश्न, पास व्हायला १,००० ते १,६०० च्या मोजपट्टीवर १,४०० गुण. परीक्षेला बसायला दोन वाटा आहेत: संस्थेने मान्य केलेलं प्रशिक्षण, नाहीतर टेक्निशियन म्हणून किमान ५०० तासांचा अनुभव. आठवड्याला २५ तास धरले तर वीस आठवडे. सीव्हीएस, वॉलग्रीन्ससारख्या साखळी दुकानांचे स्वतःचे मान्यताप्राप्त प्रशिक्षणक्रम आहेत. ते नवशिक्याला कामावर घेतात आणि पगार देऊन शिकवतात. न्यू जर्सीत राज्याच्या फार्मसी बोर्डाकडे नोंदणी करावी लागते, ती करा. जे दुकान पगार देऊन शिकवतं, तेच कार्डावर कर्ज काढून शिकायचं कशाला?

अभ्यासाची भीती नको. औषधशास्त्र तुम्हाला येतं, नावं तेवढी बदलतील. पॅरासिटामॉलचं ॲसिटअमिनोफेन, सालब्युटामॉलचं अल्ब्युटेरॉल. खरी डोकेदुखी आहे विमा कंपनीने नाकारलेल्या क्लेमची आणि ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीत हॉर्न वाजवणाऱ्यांची. ती कुठलाच कोर्स शिकवत नाही.

प्रश्नाचं उत्तर संपलं. पण पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य आहे: 'माझा पगार सुरू झाला की पॉलिसीचा हप्ता ओढाताण न होता जाईल.' ते वाचून मी कोर्स बाजूला ठेवला आणि सोबत जोडलेली पॉलिसीची पानं आधी वाचली.

तर हकीकत अशी. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत एक दादा भेटले. दिवसा आयटी, संध्याकाळी 'फायनान्शियल एज्युकेशन'. पुढच्या शनिवारी घरी येऊन चहा घेतला आणि तुमच्या मिस्टरांच्या नावाने इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसी, म्हणजे विमा आणि शेअर निर्देशांकाला बांधलेली बचत एकत्र, गळ्यात घातली. महिना १,००० डॉलर हप्ता, पाच लाखांचा विमा आणि ६५ व्या वर्षापासून दरसाल ६० हजार 'टॅक्स-फ्री'. बाजार चढला की तुम्ही चढणार, पडला तरी शून्याखाली जाणार नाही. हप्त्याला पैसे पुरेनात, तेव्हा त्याच दादांनी ४०१(के) मधली, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती-बचतीच्या खात्यातली, पगारातून होणारी कपात ६ टक्क्यांवरून २ वर आणायला सांगितलं. याला चौदा महिने झाले.

ताई, तुमची चूक कोर्सची नाही, ही आहे. आणि आता ती चूक पोसायला तुम्ही नोकरीवर निघालात.

आकडे मांडू. आठवड्याला २५ तास, तासाला १८ डॉलर, वर्षाचे ५० आठवडे: २२,५०० डॉलर. मिस्टरांचा पगार १ लाख ३५ हजार आहे, त्यामुळे तुमच्या डॉलरवर फेडरल कर २२ टक्क्यांनी लागणार. सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर आणि राज्याचा कर धरून ३५ टक्के गेले. हातात १४,६००. धाकटा सात वर्षांचा, शाळेनंतर त्याला कुठेतरी ठेवायचं, त्याचे ४,०००. दुसरी गाडी म्हणजे विमा आणि पेट्रोल, १,८००. उरले ८,८००. पॉलिसीचा हप्ता वर्षाला १२,०००. म्हणजे वर्षभर उभं राहून गोळ्या मोजल्या तरी वर ३,२०० कमीच. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं म्हणतात ते हेच. इथे पीठ खाणारा चहाही पिऊन गेला.

पहिल्या वर्षाच्या हप्त्याचा मोठा वाटा अशा पॉलिसीत कमिशनमध्ये जातो. तुमच्या विवरणात तो दिसतोच: भरले १४,०००, खात्यात ८,९००, त्यातून सरेंडर चार्ज, म्हणजे मध्येच बंद करण्याचा दंड, ८,२००. आज बंद केली तर हाती ७०० डॉलर.

'शून्याखाली जाणार नाही' हे अर्धसत्य आहे. शून्य असतं ते बाजाराच्या परताव्यापुरतं. विम्याचा खर्च आणि इतर आकार त्या वर्षीही कापले जातात आणि विम्याचा खर्च वयाबरोबर वाढत जातो. वरच्या बाजूला तुमच्या पॉलिसीत ९ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, ती कंपनी पुढे कमी करू शकते. निर्देशांकातल्या कंपन्यांचा लाभांश तुमच्या हिशेबात धरलाच जात नाही. आणि ते 'टॅक्स-फ्री' उत्पन्न म्हणजे तुमच्याच पॉलिसीवरचं कर्ज. म्हातारपणी पॉलिसी मध्येच बुडाली तर नफ्यावर कर एकदम अंगावर येतो. तुम्ही पाठवलेल्या नवव्या पानावर 'गॅरंटीड' असा एक बारीक अक्षरांतला रकाना आहे. त्यात ७१ व्या वर्षी शून्य लिहिलंय. दादांनी बोट ठेवलं ते शेजारच्या रकान्यावर.

आता ४०१(के). मिस्टरांची कंपनी पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत तुम्ही टाकाल त्याच्या निम्मे टाकते. चार टक्के कमी केले म्हणजे ५,४०० तुमचे थांबले आणि कंपनीचे २,७०० फुकट गेले, दर वर्षी. टाकल्याबरोबर ५० टक्के वाढवून देणारी गोष्ट सोडून लोक ९ टक्क्यांची मर्यादा असलेली घेतात, तीही हप्ता ओढत. वर कार्डावर ६,००० बाकी, २४ टक्क्यांनी.

करायचं ते या क्रमाने. आधी मिस्टरांसाठी वीस वर्षांची साधी टर्म पॉलिसी, म्हणजे ठरावीक मुदतीचा नुसता विमा, बचत नाही. त्रेचाळीस वर्षांच्या, सिगारेट न ओढणाऱ्या निरोगी माणसाला पाच लाखांचा विमा साधारण ५० डॉलर महिन्यात मिळतो. तोच विमा, विसाव्या भागात. तुमच्याही नावाने छोटी घ्या, मुलं लहान आहेत. टर्म पॉलिसी मंजूर होऊन सुरू झाल्याचं पत्र हातात येईपर्यंत जुनी बंद करू नका. मधल्या काळात काही झालं तर घर उघड्यावर पडेल. मग जुनी सरेंडर करा. 'चौदा हजार बुडतील' म्हणाल, तर ते गेलेच आहेत. त्यांच्यामागे आणखी बारा कशाला पाठवता? दादा घरी येऊन 'तीन वर्षं थांबा, मग बघा' म्हणतील. त्यांना सांगा, दर वर्षाचा खर्च आणि स्वतःचं कमिशन लेखी द्या. चहाची वेळ येणार नाही.

सुटलेल्या ९५० पैकी ४५० महिन्याला ४०१(के) मध्ये, म्हणजे पुन्हा ६ टक्के. उरलेले ५०० कार्डावर. चौदाएक महिन्यांत कार्ड कोरं होईल. त्यानंतर तुमच्या नावाने आयआरए, म्हणजे स्वतःचं निवृत्तीचं खातं, उघडा. २०२५ ची वर्षाची मर्यादा ७,००० डॉलर होती आणि एकत्र रिटर्न भरता म्हणून तुमची कमाई नसली तरी ते चालतं. दादांनी हे सांगितलं नसणार, त्यात त्यांना काही मिळत नाही.

पत्राच्या शेवटी आणखी एक आशा आहे: 'टेक्निशियनचा अनुभव घेऊन, जमल्यास एम. फार्म. करून, पुढे इथे फार्मासिस्ट.' संस्थेच्या काउन्सेलरने मान डोलावली म्हणे. त्याचं काय जातंय! परदेशी पदवीधरांसाठीची एनएबीपीची, म्हणजे इथल्या फार्मसी बोर्डांच्या राष्ट्रीय संघटनेची, अट स्पष्ट आहे: १ जानेवारी २००३ किंवा त्यानंतरची पदवी असेल तर फार्मसीचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा हवा. तुमचा चार वर्षांचा. एम. फार्म. जोडून पाच होत नाहीत आणि टेक्निशियनची दहा वर्षंही त्यात धरत नाहीत. भारतात सहा वर्षांचा फार्म. डी. सुरू झाला २००८ मध्ये, ज्या वर्षी तुम्ही बाहेर पडलात त्याच वर्षी. दैव म्हणा. आता वाट एकच, इथे फार्म. डी., चार वर्षं आणि लाखाच्या पुढे डॉलर. चाळिशीत, दोन मुलांच्या कॉलेजच्या तोंडावर, मी ते सुचवणार नाही.

त्यापेक्षा तुम्ही नाशिकची चार वर्षं पत्रात एका ओळीत उरकलीत, ती मला कोर्सपेक्षा मोलाची वाटतात. निर्जंतुक इंजेक्शनांचं काम ज्याने पाहिलंय, त्याने दुकानाच्या काउंटरवर का थांबावं? हॉस्पिटलच्या फार्मसीत सलाइनमध्ये औषधं मिसळणारी खोली असते, तिथल्या टेक्निशियनला पैसेही सहसा बरे मिळतात. पीटीसीबीचं निर्जंतुक कामाचं वेगळं सर्टिफिकेटही आहे. आणि तुम्ही राहता कुठे? जॉन्सन अँड जॉन्सन न्यू ब्रन्सविकला, मर्क राहवेला, दोन्ही गाडीने जवळच. औषध कंपन्यांत क्वालिटीच्या कागदपत्रांची कामं असतात. पदवीचं मूल्यांकन करून घ्या, दोनेकशे डॉलर लागतील, आणि कंत्राटी का होईना तिथे अर्ज टाका. तेरा वर्षांचा खंड आहे, पहिल्या वीस अर्जांना उत्तर येणार नाही. तोवर दुकानातले ५०० तास भरत राहतील.

राहिली १५ तारखेची ४०० डॉलरची सूट. तारीख जाऊ द्या आणि १६ ला संस्थेला फोन करून बघा, बहुतेक मुदत वाढलेली असेल.